दुर्बिणीच्या खोलीची खिडकी

सिस्टर, दुर्बिणीच्या खोलीची खिडकी तुम्ही बंद केली होती. इतकी वर्षं मी त्या खिडकीवर भाषणं करते आहे. दवाखान्यांच्या फाटकांवर, युनियनच्या सभांत, परिचारिकांच्या मेळाव्यांत टेबलावर मूठ आपटून सांगते की एका बंद खिडकीने एका बाईचा जीव घेतला. टाळ्या पडतात. ऐकणारे गृहीत धरतात की ती व्यवस्थापनाने बंद केली असणार, आणि मीही त्यांना थांबवत नाही. प्रत्यक्षात स्टुलावर तुम्ही चढला होतात, खाली स्टूल धरून मी उभी होते, आणि आपण दोघी हसत होतो.

नव्वदच्या दशकातली ती नवी मुंबई आता सांगूनही कोणाला खरी वाटत नाही. रुंद रस्ते, निम्म्या रिकाम्या इमारती, अजून सावली न देणारी झाडं, आणि दिवस कलला की कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कंपन्यांकडून येणारा तो वास. कधी सडक्या अंड्यासारखा, कधी नेलपॉलिशसारखा गोडसर, कधी नुसताच घसा धरणारा. आम्ही साताऱ्याकडची माणसं, सानपाड्याला नवी राहायला आलेली. वडील बाजारात माथाडी. आमच्या बिल्डिंगीत त्याला कंपनीचा वास म्हणत आणि विसरून जात. तुमच्या शिरवणे गावात तसं नव्हतं. तिथे कोणीतरी "ग्यास सोरला!" असं ओरडायचं आणि गल्लीभर खिडक्या धडाधडा बंद व्हायच्या. आधी पोरं आत घ्यायची, मग वाळत घातलेली मासळी, मग खिडक्या. तुम्ही हे नक्कल करून सांगायचात आणि आम्ही पोट धरून हसायचो. तुमचा पुतण्या शाळेतून धापा टाकत घरी यायचा, हे सांगताना मात्र तुम्ही नक्कल करत नव्हतात. वाईट हवा बाहेरून येते ही गोष्ट तुम्हाला कोणी शिकवली नव्हती. ती तुमच्या घरात घडत होती.

म्हणून जेव्हा आपल्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या चादरींच्या कोठीत दुर्बिणीची खोली करायचं ठरलं, नवा एसी आला, मशीनला हार घालून नारळ फुटला, तेव्हा सगळे पेढे खात असताना तुम्ही खिडकीपाशी जाऊन फटीला नाक लावलंत. खिडकी नेमकी पट्ट्याच्या बाजूला. "हितनं येतो बघ," म्हणालात. "छातीचे पेशंट आणायचे आनि त्यांना परत तोच ग्यास पाजायचा?" दुपारी तुम्ही वॉर्डातून कापसाचा गुंडाळा आणि चिकटपट्टी आणलीत. फटीत कापूस ठासून भरलात, वरून पट्ट्या लावल्या, कडा नखाने दाबून बसवल्या. आपण परिचारिका खिडकीही जखमेसारखीच बांधतो. खाली उतरून लांबून पाहिलंत आणि मला म्हणालात, "कशी झाली ड्रेसिंग? आता आत नुसती थंड, चांगली हवा."

मी नुकती लागलेली स्टाफ नर्स. तुम्ही इन्चार्ज. दुर्बीण म्हणजे काय हे तुम्ही मला समजावलंत ते आजही मी नव्या मुलींना तुमच्याच शब्दांत समजावते: काळी, लवचीक नळी, पुढे दिवा. घशात बधिर करणारा फवारा मारायचा, नळी श्वासनळीतून छातीत उतरवायची, आत थोडं पाणी सोडायचं, ते परत ओढून तपासायला पाठवायचं. ज्यांच्या थुंकीत काही सापडत नाही पण छातीच्या फोटोत डाग आहे, असे लोक इथे येतात. "आनि एक ध्यानात ठेव," तुम्ही म्हणाला होतात, "नली आत गेली की मानूस खोकनारच. खोकला म्हणजे चुकलं असं नाय. त्याला खोकू द्यायचं."

तो खोकायचा. प्रत्येक जण खोकायचा. आणि त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर त्याचं डोकं धरून तुम्ही उभ्या असायच्या.

पहिली बोलणी मी तुमच्याकडून खाल्ली ती मास्कवरून. बाजारातलाच एक हमाल होता, आमच्याच भागातला, दणकट, पण थुंकीतून रक्त जायला लागल्यापासून आतून खचलेला. टेबलावर झोपवल्यावर त्याने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. मी मास्कच्या आडून म्हणाले, घाबरू नका. तुम्ही मागून आलात. "तोंड झाकून कोनाला सांगतेस घाबरू नको? भिंतीला?" आणि स्वतःचा मास्क हनुवटीखाली ओढून त्याच्यावर वाकलात.

"सिस्टर, ह्ये एवढं नळकांडं घशात जायाचं व्हय?"

"एवढं कुठं? पाठीवर कांद्याचं पोतं घेतोस ना? त्याच्यापुढं ह्यो दोरा हाय."

"मरत न्हाई न्हवं मी?"

"माझ्या खोलीत मरायला परवानगी लागते. मी अजून कोनाला दिली नाय. हवं तर डॉक्टरांना इचार."

डॉक्टर हातमोजे चढवता चढवता हसले. हमालही हसला, आणि त्याने माझं मनगट सोडलं. नळी गेली, त्याला उबळ आली, आणि ती सगळी उबळ तुमच्या उघड्या तोंडावर आली. तुम्ही कोपराने गाल पुसलात आणि त्याला म्हणालात, "शाब्बास, आजून एक." खोलीत एसी घरघरत होता. मी ठरवलं, आपल्याला अशीच नर्स व्हायचंय.

पुढे माझी नोकरी कायम झाली तेव्हा तुम्ही मला काही मास्क शिवून दिलेत, तुमच्या आईच्या जुन्या लुगड्याचे, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचे. हॉस्पिटलचे नाकाला टोचतात, हे घाल, म्हणालात. हॉस्पिटलचे तरी काय होते? दुहेरी जाळीचं कापड, उकळून उकळून विरलेलं. आपल्या तोंडातली थुंकी पेशंटच्या जखमेत पडू नये म्हणून कधीतरी केलेली सोय. पेशंटच्या छातीतून आपल्या छातीत काय येतं, याचा विचार करून एकही वस्तू त्या इमारतीत आलेली नव्हती. मशीनला हार घातला गेला, मशीनसाठी थंडावा आला, मशीन निर्जंतुक करायला डोळे झोंबवणारं द्रावण आलं. मशीन धरणाऱ्या बाईसाठी काय आलं? हे मी आजही प्रत्येक सभेत विचारते.

मला वाचायचं वेड होतं हे तुम्हाला माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत मी डॉक्टरांच्या कपाटातली पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचत बसायची आणि तुम्ही बोंबलाची चटणी माझ्या डब्यात वाढत म्हणायच्या, "पुस्तकवाली, आधी खा." अशाच एका दुपारी मी ते पान वाचलं. खोकल्याचे थेंब खाली पडतात, असं आपल्याला शिकवलेलं. त्या पानावर लिहिलं होतं की मोठे पडतात, बारीक पडत नाहीत. ते हवेतच सुकतात आणि तरंगत राहतात. बंद खोलीत तासन्‌तास. माणूस उठून घरी जातो, त्याचा खोकला खोलीत राहतो. आणि नळी घालून खोकायला लावलेला क्षयाचा रोगी जितकं हवेत सोडतो तितकं साधा खोकणारा सोडत नाही. उपाय एकच: त्या खोलीची हवा सतत बाहेर गेली पाहिजे.

मी पुस्तक घेऊन धावत तुमच्याकडे आले. तुम्ही चहाच्या खोलीत कप विसळत होता.

"म्हणजे खिडकी उघडायची?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"आनि ग्यास?"

त्या पुस्तकात कंपन्यांचा पट्टा नव्हता.

"जल्लं तुझं पुस्तक," तुमची गावची बोली रागात अशी वर यायची. "ज्यानी लिवलंय त्याला सांग, चार दिस शिरवन्याला येऊन खिडकी उघडी टाकून झोप. मग बोल. मी ती फट माझ्या हातानी बुजवलीय. पेशंटसाठी. कलतंय का तुला?"

तो माझ्यावरचा राग नव्हता हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ज्या हवेने पुतण्याचा श्वास कोंडला तिला अडवलं, हे तुमच्या हातून झालेलं एकच काम होतं. गावाची शेतं गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासळी गेली, कुठेच तुमचं कोणी ऐकलं नव्हतं. एका खिडकीपुरती तुमची सत्ता चालली होती, आणि मी तीही उघडा म्हणत होते.

मग मी मधला मार्ग काढला: खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा, आणि दुसऱ्या बाजूने गाळून हवा आत. ऑफिसात गेले. तिथले साहेब माझा अर्ज वाचून खुर्चीत मागे रेलले. "एसी नव्हता तर एसी पाहिजे. एसी दिला तर त्याची हवा बाहेर फेकायला पंखा पाहिजे. तुम्हा बायकांना टेन्शन घ्यायची सवयच झालीय." डॉक्टर म्हणाले, तुझं बरोबर आहे, पण आत्ता नको, तपासण्या थांबतील. त्या पावसाळ्यानंतर मी फाटकावर पहिलं भाषण केलं. एकदा तोंड उघडल्यावर मला कळलं की आपल्याला हे येतं. तुम्ही मागे, पाण्याच्या टाकीपाशी, हाताची घडी घालून उभ्या होतात. सभा संपल्यावर जवळ आलात. "बोललीस झकास. आता चल, टेबलावर पेशंट हाय." जिन्यात थांबून पुढे म्हणालात, "पन पट्टीला हात लावायचा नाय."

त्याच हिवाळ्यात तुम्ही खोकायला लागलात. द्रावणाचा ठसका, असं तुम्ही म्हणालात, आणि आम्हाला खरं वाटलं, कारण त्या द्रावणाने सगळ्यांचेच डोळे पाणावायचे. नंतर म्हणालात ग्यास. तेही खरं वाटलं. खोकल्याला कारण लागतं, आणि तुमच्याकडे दोन तयार होती. सैल पडायला लागलेल्या युनिफॉर्मला आधी एक टाच मारलीत, मग दुसरी. डबा माझ्याकडे सरकवून उठायला लागलात. मी फोटो काढा म्हणाले तर, "तुझ्या भाषनाला पेशंट कमी पडला काय?" असं म्हणून सगळ्यांसमोर मला गप्प बसवलंत. बाकीच्या हसल्या. मीही हसले. फोटो निघाला तोपर्यंत उजवीकडे वर डाग होता. थुंकीत काही सापडेना. डॉक्टरांनी मान खाली घालून कागदावर लिहिलं: दुर्बीण.

टेबल तुम्ही स्वतः पुसलंत. सवयीने. मग त्याच टेबलावर आडव्या झालात. डॉक्टरांनी मला विचारलं, दुसरी कोणी थांबवू का? मी नाही म्हणाले. तुमच्या डोक्याशी, तुमच्या जागेवर, मी उभी. तुमचं डोकं माझ्या तळव्यांत. सगळ्या बाजारातल्या हमालांना हसवणाऱ्या तुम्ही, आणि डोळे त्या पहिल्या हमालासारखेच झालेले. फवारा मारून झाला होता, घसा बधिर होत चालला होता. तुम्ही वर माझ्याकडे पाहत होता आणि माझं तोंड तुम्हाला दिसत नव्हतं. माझ्या नाकावर तुमच्या आईचं लुगडं होतं. तुम्हीच शिकवलेलं: तोंड दाखव, माणूस घाबरतो. माझा हात गाठीकडे गेला. मास्क अर्धा खाली आला.

तुम्ही माझं मनगट धरलंत. "वर घे."

जीभ जड झाली होती, शब्द चिखलातून आल्यासारखे आले. डॉक्टरांना कळलं नाही. "काय म्हणताहेत?"

"काही नाही सर."

"वर घे गो," तुम्ही पुन्हा म्हणालात, आणि हात उचलून माझ्या नाका-तोंडावर मास्क दाबून धरलात. नळी आत गेली. तुम्ही खोकत होतात, अंग टेबलावरून उडत होतं, आणि हात खाली आला नाही. त्या हाताला द्रावणाचा वास होता. विरलेल्या कापडाने आणि तुमच्या तळव्याने काय अडलं असेल ते मला ठाऊक नाही. मला अजून तरी काही झालेलं नाही.

स्ट्रेचरवरून बाहेर नेताना तुम्ही मला वाकायला लावलंत. "ती पट्टी काढ उद्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि ग्यास?"

तुम्ही डोळे मिटलेत.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढले. या वेळी स्टूल धरायला कोणी नव्हतं. पट्टी सहज निघाली, कापूस ओढून काढावा लागला. आतल्या बाजूने तो पांढरा होता, आपण भरला तसा. बाहेरच्या बाजूने काळा, तेलकट, हाताला चिकटणारा. म्हणजे तुमचं म्हणणं खरं होतं. तो काळा थर पेशंटच्या छातीत जाणार होता आणि तुम्ही तो अडवला होतात. आणि पुस्तकही खरं होतं. भाषणात हे सांगता येत नाही, सिस्टर. भाषणात एका खिडकीची एकच चूक सांगता येते.

औषधांना तुमचा आजार दाद देईना. सुया झाल्या, गोळ्या बदलल्या, कानात गुणगुण सुरू झाली, पायातलं बळ गेलं. मी शिरवण्याला यायचे तेव्हा तुमच्या वहिनी दारातच पदर तोंडाला लावून उभ्या असायच्या, रडवेल्या झालेल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरातल्यांना लागण होईल. आणि दिवस कलला की ग्यास यायचा आणि आतल्या खोलीत पुतण्याची छाती वाजायला लागायची. तुमच्यासाठी उघडी हवी, त्याच्यासाठी बंद. त्या बाईने कोणाचं ऐकायचं? तो झगडा तुम्हीच मिटवलात. खाट बाहेर ओट्यावर काढायला लावलीत. आत खिडक्या बंद, बाहेर तुम्ही. ग्यास आला की तुम्ही तोंडावर पदर घेऊन पडून राहायच्या. मी म्हणाले, दुसरीकडे हलवू. तुम्ही म्हणालात, "हवा खेलती हाय. तुझ्या पुस्तकात लिवल्यासारखी." तुमचं हे शेवटचं बोलणं. मी खाटेच्या कडेला बसले होते, मास्क लावून.

तुम्ही गेल्यावर मी ऑफिसात नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन गेले. त्याच साहेबांनी विचारलं, लागण कामावरच झाली कशावरून? गावात क्षयाचे रोगी नाहीत का? त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हेच मला अजून सहन होत नाही. दुष्टाशी भांडता येतं. हा माणूस फक्त एक रकाना भरत होता. अर्ज फेटाळला गेला. आणि काही महिन्यांनी, कोणीही न मागता, कोणाचीही चूक न कबूल करता, त्या खिडकीत पंखा बसला. एक माणूस शिडी घेऊन आला, भोक पाडलं, पंखा लावला, बटण दाखवलं, गेला. मी तो पंखा चालू करून त्याच्यासमोर कागदाचा कपटा धरला. कपटा जाळीला जाऊन चिकटला. एवढंच करायचं होतं, सिस्टर. एवढंच.

तेव्हापासून मी बोलते आहे. मी म्हणते, पेशंटवर माया करणं हे परिचारिकेचं काम आहे, पण त्या मायेची किंमत तिच्या फुप्फुसाने चुकवायची नाही. मी म्हणते, एका बाईला दोन विषांपैकी एक निवडायला लावायचं आणि ती मेली की तिने चुकीचं निवडलं म्हणायचं, हा खून आहे, फक्त त्यात कोणाचा हात दिसत नाही. लोक पेटतात. काही ठिकाणी पंखे बसलेत, चांगले मास्क आलेत, काही ठिकाणी अजून कापूसच आहे. मुलींना मी एक गोष्ट शिकवते आणि ती अर्धी तुमची आहे: पेशंट बाहेर व्हरांड्यात उघड्या हवेत बसलेला असतो तेव्हा त्याच्यासमोर उभी राहा, तोंड दाखव, नाव सांग, त्याला हसव. मग मास्क बांध. आत गेल्यावर काढायचा नाही. तो तुला डोळ्यांवरून ओळखेल.

हे पत्र मी तुमच्या वहिनींकडे पाठवणार होते. त्यांचं जुनं घर आता राहिलेलं नाही, आणि पुतण्याला हे सगळं वाचायला लावावंसं वाटत नाही. ते माझ्याकडेच राहील. लिहायला बसले ते मात्र एका वेगळ्या गोष्टीसाठी, आणि तीच सांगायची राहिली. काल संध्याकाळी सानपाड्यात वास आला. आता पूर्वीसारखा येत नाही, पण काल आला. जगभर खिडक्या उघडा म्हणून ओरडणारी मी, हातातलं पुस्तक उलटं ठेवून उठले, खिडकी लावली, आणि खालच्या फटीत टॉवेलची घडी नखाने दाबून बसवली. मग तिथेच उभी राहून कान दिला. घरात कोणी खोकत नव्हतं.